चार हिरवे आले की थांब

आमच्या अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, मी मराठी माध्यमातली. रोज वर्डल खेळते. परवा सरावाच्या कोड्यात पहिला शब्द स्लेट टाकला, ए आणि टी पिवळे आले. दुसरा कॅच टाकला तर शेवटची चारही घरं हिरवी. मग मॅच, पॅच, बॅच, हॅच टाकत गेले आणि ओळी संपल्या. उत्तर निघालं वॉच. माझं इंग्रजी कमी पडतं का? की पहिला शब्द बदलू? तुम्ही कोणता टाकता?"

मी जुळे सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. वर्डलचं नवीन कोडं रात्री बाराला उघडतं, आणि अभ्यासिकेत जागणाऱ्या मंडळींना तेवढंच निमित्त पुरतं. त्यामुळे तुझ्यासारखी हार मी पुष्कळांची बघितली आहे. "काय बे, चार हिरवे येऊन पण गेलं?" हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा ऐकू येतं की त्यावर नीट लिहायलाच हवं होतं.

न खेळणाऱ्यांसाठी नियम दोन ओळींत सांगतो. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा ओळी मिळतात. टाकलेलं अक्षर बरोबर जागी असेल तर घर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं.

आधी इंग्रजीचं बघू. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरने हा खेळ त्याची जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द १२,००० च्या घरात निघाले. ते शाह यांनी चाळले आणि ओळखीचे वाटले ते साधारण २,५०० ठेवले. त्यातूनच उत्तरांची मूळ यादी झाली, २,३१५ शब्दांची. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतल्यावर यादीत काढघाल झाली, पण उत्तर लोकांच्या ओळखीचं असावं ही रीत कायम आहे. म्हणजे उत्तराचे बहुतेक शब्द तुला दहावीपर्यंतच्या पुस्तकांतून भेटलेले असतात. वॉच तुला माहीत नव्हता का? मनगटावर बांधून फिरतेस. शब्द येत होता, तरी आठवला नाही. तो का आठवला नाही याकडे पुढे येतो, कारण मराठी माध्यमाची खरी अडचण तिथे आहे.

पहिल्या शब्दावर लोक फार वेळ घालवतात, मी थोडाच घालवणार. मूळ यादीत ई हे अक्षर १,२३३ वेळा येतं, ए ९७९, आर ८९९, ओ ७५४, टी ७२९, एल ७१९, आय ६७१, एस ६६९, एन ५७५. या नऊ अक्षरांतली पाच वेगवेगळी घेऊन केलेला कुठलाही बरा शब्द चालतो. संगणकावर मूळ यादीच्या सगळ्या शक्यता तपासल्या तर सॅलेट हा शब्द सर्वांत वर येतो, एस-ए-एल-ई-टी, जुन्या काळच्या शिरस्त्राणाचं नाव. तिथून पुढे एकही चूक न करता खेळलं तर सरासरी ३.४२ ओळी लागतात. यंत्राची ही गत आहे, तेव्हा चार ओळींत सुटलं तर तोंड पाडायचं कारण नाही. तुझा स्लेट म्हणजे त्याच पाच अक्षरांची वेगळी मांडणी. तो बदलू नकोस. मी क्रेन टाकतो, ती निव्वळ सवय.

एक शब्द मात्र सोडा असं मी सांगतो: अडियू, ए-डी-आय-ई-यू. चार स्वर एका दमात तपासले म्हणून लोक खूश होतात. पण यू यादीत ४६७ वेळाच येतो आणि डी ३९३ वेळा, आणि आर, टी, एल, एस ही कामाची व्यंजनं तशीच राहतात. शब्दाचा सांगाडा व्यंजनांनी उभा राहतो. सी-एच-टी कळले तर मधला स्वर माणूस झोपेतही भरतो. ए-यू कळले तर पुढे काय, सांग.

जागांचंही थोडं लक्षात ठेव. मूळ यादीत एसने सुरू होणारे शब्द ३६६ आहेत, एसने संपणारे फक्त ३६, कारण साधी अनेकवचनं उत्तरात घेत नाहीत. बर्ड्स, बुक्स वगैरे टाकून पाहायला हरकत नाही, पण उत्तर म्हणून त्यांची वाट बघू नकोस. शेवटी ई (४२४) किंवा वाय (३६४) असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे पाठ करायची गरज नाही, खेळून अंगवळणी पडतं.

आता तुझ्या कोड्याची तिसरी ओळ. खरा घात तिथेच झाला.

स्लेटनंतर एस, एल, ई बाद झाले होते. कॅचने ए-टी-सी-एच जागेवर बसवलं आणि पहिला सी बाद केला. (कॅचमध्ये सी दोनदा येतो, त्यामुळे एका घरात नवीन अक्षर तपासायचं राहिलं. तरी ही ओळ वाईट नव्हती.) आता पहिल्या जागेसाठी काय काय उरलं? बॅच, हॅच, मॅच, पॅच, वॉच. लॅच एलमुळे आधीच गेला. पाच शब्द, आणि हातात ओळी चार. इथेच हिशेब बोलतो. एकेक शब्द टाकत गेलीस तर प्रत्येक ओळीत एकच शब्द बाद होतो, बाकी काही कळत नाही. पाचांतला एक शेवटी बाहेर राहणारच. तुझ्या नशिबी तो वॉच आला. क्रम बदलला असतास तर बॅच राहिला असता. म्हणजे पाचात एकदा हार ठरलेलीच.

त्याऐवजी तिसऱ्या ओळीत स्वॉम्प टाक: एस-डब्ल्यू-ए-एम-पी. हे उत्तर असूच शकत नाही, एस तर पहिल्याच ओळीत करडा झालाय. नसू दे. यात डब्ल्यू, एम, पी तिन्ही एकदम तपासले जातात. डब्ल्यू पिवळा झाला तर वॉच, एम झाला तर मॅच, पी झाला तर पॅच. तिन्ही करडे राहिले तर बॅच नाहीतर हॅच. पाचांतले चार शब्द चौथ्या ओळीत सुटतात, पाचवा फार तर पाचव्या ओळीत. हरायला जागाच राहत नाही.

हे पटायला अवघड जातं हे मला ठाऊक आहे. चार हिरवी घरं समोर असताना सगळी करडी पडू शकेल अशी ओळ टाकायला हात धजत नाही. वाटतं, उत्तर इतकं जवळ आलंय, लागूनच जाईल. पण वर्गात आपण एक ते शंभरमधली संख्या ओळखायचा खेळ घेतो, त्यात तू पहिलाच प्रश्न "सत्तावन्न आहे का?" असा विचारत नाहीस. "पन्नासपेक्षा मोठी आहे का?" असं विचारतेस. इथेही तसंच. टाकलेला शब्द हा प्रश्न आहे, आणि प्रश्न असा हवा की उत्तर काहीही आलं तरी ढीग फुटला पाहिजे.

याला मोठ्या माणसाचा आधारही आहे. मास्टरमाइंड नावाचा रंगीत खुंट्यांचा खेळ होता. सहा रंग, चार जागा, एकूण १,२९६ शक्यता. संगणकशास्त्रातले डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये दाखवलं की त्यातली कुठलीही मांडणी जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत सापडते. त्यांच्या पद्धतीत काही वेळा असा प्रयत्न करावा लागतो जो स्वतः उत्तर असणं शक्यच नसतं. उत्तर नसलेला प्रयत्नच सर्वांत जास्त माहिती देतो. आपला स्वॉम्प त्याच जातीचा.

मग हे कधी करायचं आणि कधी नाही? उरलेले शब्द मोज, उरलेल्या ओळी मोज. शब्द ओळींपेक्षा जास्त असतील तर फोडणारा शब्द टाकलाच पाहिजे, तिथे वाद नाही. शब्द दोनच असतील तर सरळ त्यातला एक टाक, फोडायला काही उरलेलंच नाही. तीन असतील तर त्या तिघांतच असा एक बघ की तो चुकला तरी त्याच्या रंगांवरून उरलेले दोन वेगळे कळतील. बहुतेकदा मिळतो. मधल्या परिस्थितीत, म्हणजे चार शब्द आणि चार ओळी असताना, माणसाचा स्वभाव ठरवतो. सलग दिवसांची साखळी टिकवायची असेल तर फोड. आज तीन ओळींत सोडवून ग्रुपवर मिरवायचं असेल तर नशीब आजमाव. मी साखळीवाला आहे, पण पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणारे आमचे एक स्नेही कट्टर दुसऱ्या पंथाचे. कुर्डुवाडी येईस्तोवर तीन ओळींत सुटलं नाही तर दिवस वाया गेला म्हणतात.

आता वॉच का आठवला नाही ते. तू टाकलेले शब्द मोठ्याने म्हणून बघ: कॅच, मॅच, पॅच, बॅच, हॅच. सगळ्यांचं यमक जुळतं. तू अक्षरं शोधत नव्हतीस, कानाने यमक जुळवत होतीस. वॉचचं स्पेलिंग त्याच घरातलं आहे, उच्चार मात्र वेगळा. म्हणून तो यमकात सापडलाच नाही. आपण मराठी माणसं बोलतो तसं लिहितो आणि लिहिलेलं तसंच वाचतो, त्यामुळे शब्द कानाने शोधायची सवय हाडात मुरलेली असते. इंग्रजीत ती सवय फसवते. चांगली मुलं इथेच अडकतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की शब्दसंग्रह कमी पडला.

यावर माझा उपाय अगदी बाळबोध आहे. रफ वहीचं मागचं पान उघड. पाच आडव्या रेघा मार, माहीत असलेली अक्षरं जागेवर लिही, आणि मोकळ्या जागेवर ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर पेन्सिलने बसवून डोळ्यांनी वाच. जीभ हलवायची नाही. बी-ए-टी-सी-एच, आहे. डी-ए-टी-सी-एच, नाही. एफ, नाही. असं करत डब्ल्यूपर्यंत पोचलीस की वॉच आपोआप समोर उभा राहतो. याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. पण हे न करता थेट कीबोर्डवर बोटं टेकवणाऱ्यांना पाचऐवजी चारच शब्द दिसतात, आणि मग वरचा सगळा हिशेब चुकतो. मोजणी खरी तर हिशेब खरा.

याच कारणाने मुकी अक्षरं मराठी कानाला छळतात. 'न'ने सुरू होणारा शब्द शोधताना नाइफचा के कुणाला आठवत नाही, 'र'च्या शब्दात राइटचा डब्ल्यू सुचत नाही (के-एन-आय-एफ-ई, डब्ल्यू-आर-आय-टी-ई). थंबचा शेवटचा बी, घोस्टमधला जीनंतरचा एच, फोनमधला पी-एच यांचंही तसंच. काहीच सुचेना की मी मुलांना सांगतो, सुरुवातीला के-एन, डब्ल्यू-आर, जी-एच, पी-एच घालून बघा. शेवटी सी-के, सी-एच, टी-एच, एम-बी. अर्ध्या वेळा गाठ तिथेच सुटते.

दुसरा मराठी माध्यमवाला घोळ स्पेलिंगचा. शाळेत आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, खेळ अमेरिकेचा. त्यामुळे कलर इथे पाच अक्षरी आहे, यू नसलेला. ह्यूमर, फेवर, लेबर, रूमर यांचंही तेच. फायबर आणि मीटर ई-आरने संपतात, आर-ईने नाही. हे एकदा कळलं की संपलं.

दुहेरी अक्षरांवर मात्र थांबायला हवं. उत्तरांपैकी साधारण तिसरा हिस्सा शब्दांत एखादं अक्षर पुन्हा येतं, आणि तिथे रंगांचा अर्थ लोक चुकीचा लावतात. समज तू स्पीड टाकलास, एस-पी-ई-ई-डी, आणि पहिला ई पिवळा, दुसरा करडा आला. "ई आहे पण आणि नाही पण, हे काय?" असं बरेच विचारतात. अर्थ सरळ आहे: ई आहे, पण एकच आहे, आणि तो या दोन्ही जागी नाही. उत्तर अबाइड असेल, ए-बी-आय-डी-ई, तर नेमकं असंच दिसेल. दोन्ही ई पिवळे आले तर उत्तरात ई दोनदा आहे, जसं इरेज. एकाच ई ऐवजी दोन टाकल्याने किती आहेत तेही कळलं. पण हा प्रयोग दुसऱ्या ओळीत करायचा नाही. सुरुवातीच्या दोन ओळींत दहा वेगवेगळी अक्षरं तपासून व्हावीत हे बरं. तिसऱ्या ओळीनंतर काहीच बसेना, तेव्हा दुहेरीचा संशय घ्यावा.

पिवळ्याबद्दल एकच. पिवळं अक्षर पुन्हा त्याच जागी टाकणारे रोज भेटतात. ती जागा नाही हे कळल्यावर परत तिथेच ठेवलं तर ते घर फुकट गेलं.

हार्ड मोड लावून खेळतेस का, ते तू लिहिलं नाहीस. त्यात मिळालेले हिरवे जागेवर ठेवावेच लागतात आणि पिवळे वापरावेच लागतात, म्हणजे स्वॉम्पची वाट बंद. हार्ड मोडमध्ये चार हिरवे लवकर येणं हे संकटच समज. तिथे सावधगिरी दुसऱ्या ओळीतच घ्यावी लागते. ए-टी-सी-एच, आय-जी-एच-टी, ओ-यू-एन-डी अशा मोठ्या कुटुंबांचा वास आला की त्यांच्या शेपटीऐवजी पहिल्या जागेवर येऊ शकणारी व्यंजनं आधी तपासायची. तरीही कधीकधी निव्वळ नशीब उरतं. ज्यांना साखळी प्यारी आहे त्यांनी हार्ड मोडच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फुशारकीपलीकडे त्यात काही मिळत नाही.

दोन दिवसांपूर्वी लाइट गेली होती तेव्हा आम्ही हाच खेळ मराठीत, कागदावर खेळलो. तीन अक्षरी शब्द, व्यंजन जुळलं तर खूण, मात्रा जुळली तर वेगळी खूण. एकाने मनात शब्द धरला, आणि थोड्या वेळाने सगळे 'डक'पाशी येऊन अडकले. सडक, खडक, कडक, धडक, भडक, तडक. घरी तेलुगू बोलणारा, सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा आहे, त्याने शांतपणे 'तुळस' टाकला. सगळे हसले, "डक आलंय की बे, तुळस कुठनं काढली?" पण त्याने त आणि स एका फटक्यात तपासले होते, दोन्ही नाहीत हे कळलं, सहाचे चार झाले. इंग्रजी असो की मराठी, खाच एकच.

आता तुला एक सोडवायला देतो. पहिली ओळ क्रेन, चौथ्या जागचा एन हिरवा, बाकी सगळे करडे. दुसरी ओळ साउंड, एस करडा, ओ-यू-एन-डी हिरवे. हार्ड मोड बंद. आधी वहीत यादी कर, डोळ्यांनी, आणि त्यात एक वॉचसारखा लपलेला आहे तो चुकवू नकोस. सहा शब्द निघाले पाहिजेत. ओळी चार आहेत. तिसऱ्या ओळीत त्या सहांपैकी निदान तीन पहिली अक्षरं एकदम तपासणारा शब्द हवा. चॅम्प चालेल, आपला स्वॉम्पही चालेल. चार तपासणारा सापडला तर उद्या फळ्यावर लिहून ठेव.